पीलपाये : इंग्लंडच्या मध्ययुगीन चर्चमधील प्रांतभेद

एखाद्या भव्य इमारतीत शिरल्यावर आपली दृष्टी प्रथम छताकडे जाते, मग भिंतींवरील कोरीव कामाकडे. आणि ज्यांच्या जिवावर हे सारे उभे असते त्या खांबांकडे ती सर्वांत शेवटी जाते, आणि तीही गेली तर. शिल्पावरील लोकप्रिय पुस्तकांतही हाच क्रम पाळलेला आढळतो. आज आम्ही हा क्रम उलटा करणार आहोत. इंग्लंडमधील मध्ययुगीन चर्चचे पीलपाये हा आमचा विषय होय. हा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे, हे आम्ही जाणून आहोत. परंतु एकाच देशात, एकाच धर्माच्या, एकाच उपासनेसाठी बांधलेल्या इमारतींचे आधार प्रांताप्रांतांत इतके निरनिराळे का झाले, हा प्रश्न एकदा मनात आला की रुक्षपणा राहत नाही. दगड कोठून आला, तो कोणी वाहिला, गवंड्याचा हात कोठे तयार झाला आणि ज्याने खर्च केला त्याला काय दाखवावयाचे होते, अशी सारी हकीगत त्या पीलपायांत साठलेली असते.

प्रथम शब्दाविषयी. ‘पीलपाया’ हा शब्द आपल्याकडे पुलांच्या बांधकामात रूढ आहे. फारसीत पील म्हणजे हत्ती. हत्तीच्या पायासारखा जो आधार तो पीलपाया. खांब हा पुष्कळदा एका अखंड दगडाचा किंवा थोड्या मोठ्या तुकड्यांचा असतो. पीलपाया मात्र थरावर थर रचून बांधलेला असतो. मध्ययुगीन युरोपात तो बहुधा असा बांधीत : बाहेरून घडीव दगडांची साल आणि आत चुन्यात बसविलेल्या डबराचा भराव. बाहेरून पाहणाऱ्यास तो अखंड पाषाणाचा वाटतो. प्रत्यक्षात ती दगडी कवचात भरलेली चुन्याची व डबराची पेटी असते. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

चर्चची रचना थोडक्यात सांगावयाची तर अशी : मध्ये एक लांब व उंच दालन, त्याच्या दोन्ही अंगांना ठेंगण्या ओवऱ्या, आणि दालन व ओवरी यांच्यामध्ये कमानींची रांग. या कमानी पीलपायांवर टेकतात. कमानींच्या वर भिंत, भिंतीत सज्जा, त्याच्याही वर खिडक्या आणि अखेर छत. मोठ्या चर्चमध्ये या लांब दालनाला आडवे दालन छेदते व क्रूसाचा आकार होतो. जेथे दोन्ही मिळतात त्या चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार जाड पीलपाये असून त्यांवर मनोरा उभारलेला असतो. आता रांगेतील कोणताही एक पीलपाया घ्या. त्याच्या उजव्या-डाव्या अंगांस एकेक कमान टेकते, मागील अंगास ओवरीचे छत आणि पुढील अंगास मध्यदालनाची भिंत व छत. म्हणजे चार दिशांनी चार प्रकारचे भार त्याच्यावर येतात. हे भार एका गोल देहात मुकाट्याने मुरवावयाचे, की प्रत्येकाला निराळा लहान खांब देऊन ते उघड दाखवावयाचे? या प्रश्नाला प्रत्येक प्रांताने आपापले उत्तर दिले आहे.

उत्तरेचे उत्तर : डरहॅम

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि लागलीच जुनी चर्चे पाडून नवी बांधण्याचा सपाटा लावला. त्यांनी समुद्रापलीकडून आपली बांधकामाची सवय बरोबर आणली. नॉर्मंडीतील झ्युमिएज येथे १०६७ साली ज्या मठाच्या चर्चची प्रतिष्ठापना झाली, तेथे एक जोडपीलपाया व एक साधा गोल असा एकाआड एक क्रम आहे. हीच रीत इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम येथे पूर्णत्वास पोचली. डरहॅमचे कॅथीड्रल १०९३ साली सुरू झाले व त्याचे मध्यदालन ११३३ साली पुरे झाले. त्यात एक पीलपाया अनेक अर्धखांब जोडलेला आणि त्यापुढचा प्रचंड गोल, असा क्रम आहे. जोडपीलपाया छताची मोठी आडवी कमान घेतो, गोल पीलपाया आपल्या शेजारच्या कमानींचे ओझे सांभाळतो. दोघांची कामे निराळी, म्हणून रूपेही निराळी.

या गोल पीलपायांचा घेर सुमारे बावीस फूट, म्हणजे जवळजवळ त्यांच्या उंचीइतका आहे. एवढ्या स्थूल देहावर कारागिरांनी खोल रेघा कोरल्या आहेत. कोठे नागमोडी, कोठे चौकटी, कोठे उभ्या पन्हळी, तर वेदीकडच्या भागात मळसूत्री. ही नक्षी पीलपाया उभा राहिल्यावर कोरलेली नाही. प्रत्येक दगड खालीच ठराविक मापाने घडवून व कोरून मग थरात बसविला आहे. एक दगड चुकला तर पुढची रेघ जुळणार नाही, इतके हे काम काटेकोर आहे. या कामाची कीर्ती झाली असली पाहिजे. कारण स्कॉटलंडमध्ये डन्फर्मलिन येथे ११२८ साली सुरू झालेल्या चर्चमध्ये असेच कोरलेले गोल पीलपाये दिसतात, आणि त्यांना डरहॅमच्या कारागिरांचा हात लागला असावा असे अभ्यासक मानतात. प्रांताची रीत अशीच पसरते. पुस्तक वाचून नव्हे, तर एक काम संपल्यावर पाथरवट हत्यारे गुंडाळून पुढच्या गावी जातो, त्याच्या पायांनी.

सेव्हर्नचे खोरे आणि पूर्वेचा सपाट प्रदेश

याच सुमारास देशाच्या पश्चिमेस, सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात, दुसरीच रीत पडली. ग्लॉस्टरचे मठचर्च १०८९ साली सुरू झाले. जवळच ट्यूक्सबरीच्या चर्चची प्रतिष्ठापना ११२१ साली झाली. दोहोंच्या मध्यदालनांत एकाआड एक हा क्रम नाही. सारे पीलपाये गोल, साधे आणि सुमारे तीस फूट उंच! डरहॅममध्ये पीलपाया, सज्जा आणि खिडक्या यांना आपापला वाटा मिळाला आहे. येथे पीलपायांनीच जवळजवळ सारी उंची बळकावली आहे, आणि वरचा सज्जा दाटीवाटीने कसाबसा बसविल्यासारखा दिसतो. नक्षी नाही, रेघ नाही. नुसता उंच गोल पाषाण, एकामागून एक. सैन्य रांगेत उभे असावे तसा हा देखावा आहे. नॉर्मंडीत याला साजेसा नमुना मिळत नाही. तेव्हा जेत्यांनी सगळेच बाहेरून आणले, असे म्हणता येत नाही. आल्यावर एका खोऱ्यातील कारागिरांनी आपली स्वतंत्र चाल पाडली.

पूर्वेकडील ईली, नॉरिच व पीटरबरो येथील गोष्ट आणखी निराळी. तेथे पीलपायाच्या पुढच्या अंगाला एक बारीक उभा खांब जोडून तो थेट छतापर्यंत चढविण्याची हौस दिसते. वर छत मात्र लाकडी. पीटरबरोच्या मध्यदालनाचे तेराव्या शतकातील रंगविलेले लाकडी छत आजही पाहावयास मिळते. त्याच चर्चच्या वेदीकडच्या भागात गोल, अष्टकोनी व बारा कोनांचे असे पीलपाये आळीपाळीने उभे आहेत. या प्रदेशाची भूमी सपाट व पाणथळ. चांगला दगड जवळ नाही. ईली व पीटरबरो यांना बार्नॅकच्या खाणीचा चुनखडीचा दगड मिळाला. नॉरिचसाठी नॉर्मंडीतील कां येथून दगड जहाजांनी आणला आणि तो बांधकामाच्या जागेपर्यंत पोचावा म्हणून नदीपासून खास कालवा खणला. असा दूरचा दगड अर्थातच जपून घडविला जातो. या चर्चच्या पीलपायांची रेखीव बारकाई आणि त्यांमागे पाण्यावरून झालेली वाहतूक यांचा असा निकट संबंध आहे.

कँटरबरीची आग

५ सप्टेंबर ११७४ रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलचा वेदीकडचा भाग जळाला. हे अरिष्ट डोळ्यांनी पाहणारा गर्व्हेज नावाचा एक साधू त्या मठात होता. त्याने आगीची व त्यानंतरच्या बांधकामाची वर्षवार हकीगत लिहून ठेवली आहे. मध्ययुगीन बांधकामाविषयी इतका स्पष्ट वृत्तान्त क्वचितच सापडतो. साधूंनी फ्रान्समधील सांस गावच्या विल्यम या वास्तुकारास काम दिले. त्याने दगड जहाजांत चढविण्याची व उतरविण्याची यंत्रे बनविली आणि पाथरवटांच्या हाती दगड घडविण्याचे साचे दिले. साचे म्हणजे पीलपायाच्या प्रत्येक थराच्या आकृतीचे माप. पीलपायांचे नवे रूप समुद्र ओलांडून आले ते या साच्यांतून.

११७८ साली छताच्या कमानींची तयारी चालली असता विल्यम परांचीवरून सुमारे पन्नास फूट खाली कोसळला. काही काळ त्याने अंथरुणावरून काम चालविले, पण अखेर तो फ्रान्सला परतला आणि दुसऱ्या विल्यमने, हा इंग्रज होता, ते ११८४ पर्यंत पुरे केले.

जुन्या व नव्या कामाची तुलना करताना गर्व्हेज पीलपायांपासूनच सुरुवात करतो, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. नवे पीलपाये जुन्यांइतकेच जाड पण जवळजवळ बारा फुटांनी उंच आहेत. जुन्यांचे माथे साधे होते, नव्यांचे नाजूक कोरलेले आहेत. पूर्वी कुऱ्हाडीने काम होत असे, आता छिन्नीने झाले. आणि पूर्वी संगमरवराचे खांब नव्हते, आता ते असंख्य आहेत, असे तो नोंदवितो.

हा ‘संगमरवर’ म्हणजे काय? दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यातील पर्बेक येथील तो दगड होय. वास्तविक तो संगमरवर नव्हेच. गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या शंखांनी गच्च भरलेला तो एक चुनखडीचा दगड आहे. परंतु त्याला झिलई चढते व चढली की तो काळसर चमकतो. फिकट दगडाच्या पीलपायाभोवती असे काळे सडपातळ खांब सुटे उभे केले की दोन रंगांचा खेळ साधतो. हा खेळ कँटरबरीहून निघून दक्षिण व पूर्व इंग्लंडवर पसरला. मात्र या दगडाचे थर खाणीत पातळ असतात. त्यामुळे लांब खांब काढावयाचा तर दगड आडवा कापून उभा करावा लागतो, म्हणजे त्याचे थर उभे येतात. भाराखाली असा दगड उभा चिरण्याची भीती असते. शोभेसाठी पत्करलेला हा धोका होता.

१२२० : दोन देश, दोन पीलपाये

१२२० साली इंग्लंडमध्ये सॉल्झबरी येथे आणि उत्तर फ्रान्समध्ये आम्यँ येथे कॅथीड्रलचा पाया घातला गेला. साल एक, धर्म एक, टोकदार कमानही एकच. तरी पीलपाये पाहा.

आम्यँचा पीलपाया म्हणजे एक गोल गाभा आणि त्याच्या चार अंगांना चिकटलेले चार बारीक खांब. सर्व एकाच दगडाच्या थरांत, एकजीव. दालनाकडील खांब पीलपायाच्या माथ्याशी थांबत नाही. तो भिंतीवरून चढत थेट बेचाळीस मीटर उंचीवरील छताला जाऊन मिळतो. पाहणाऱ्याची मान आपोआप वर होते.

सॉल्झबरीचे मध्यदालन जेमतेम चौऱ्यांशी फूट, म्हणजे आम्यँच्या दोनतृतीयांशांहूनही कमी उंच आहे. तेथील पीलपायाचा गाभा करड्या पर्बेक दगडाचा असून त्याभोवती झिलईदार काळे खांब सुटे उभे आहेत. ते माथ्याशी येऊन थांबतात. छताला पेलणारे लहान खांब वेगळेच असून वर सज्ज्याच्या कमानींमधल्या टोड्यांवर टेकलेले आहेत. पीलपाया व छत यांच्यामधला दुवा असा मुद्दाम तोडला आहे. त्यामुळे दृष्टी वर न जाता एका पीलपायावरून दुसऱ्यावर सरकत लांबवर वेदीकडे जाते. फ्रेंच कारागीर उंचीसाठी झुरत होता, इंग्रज कारागिराला लांबी प्रिय होती, आणि दोघांनीही आपले मनोगत पीलपायातच सांगितले. इंग्रज मागे पडला होता असे समजण्याचे कारण नाही. त्याला दुसरेच काही हवे होते.

रंग नाकारणारे प्रांत

परंतु ‘इंग्रज’ असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. नैर्ऋत्येकडील वेल्स या गावी (वेल्स देशाशी याचा घोटाळा करू नये) ११७५ ते ११८० च्या दरम्यान कॅथीड्रल सुरू झाले. पर्बेक तेथून फार दूर नव्हते, तरीही वेल्सच्या कारागिरांनी मध्यदालनात काळा दगड आणला नाही. आठेक मैलांवरील डौल्टिंगच्या खाणीचा एकच फिकट दगड त्यांनी वापरला व पीलपायाभोवती तीन-तीनांच्या आठ जुड्या करून चोवीस खांब कोरले. ते सुटे नाहीत. गाभ्याच्याच थरांत घडविलेले आहेत. शोभा रंगातून नव्हे, सावलीतून येते. माथ्यांवर दगडाची पाने उसळलेली आहेत आणि पानांमध्ये मधूनच माणसे डोकावतात. एकाचा दात दुखत आहे, दुसरीकडे फळे चोरणारे पकडले जात आहेत.

उत्तरेस यॉर्कशरमध्ये सिस्टर्शियन पंथाचे साधू वसले होते. या पंथाचे मूळ फ्रान्समधील बर्गंडीत; डामडौल त्यांना वर्ज्य. रोश मठ व त्याच्या आसपासच्या कामांत आठ खांबांची घट्ट जुडी बांधलेला पीलपाया दिसतो. माथे साधे, रंग एक, काही खांबांना नावेच्या तळासारखी धार. वैराग्यालाही स्वतःचे सौंदर्य असते, याचा हा उत्तम पुरावा होय. गावोगावच्या लहान चर्चना मात्र ना बिशपचा खजिना होता ना मठाची जमीन. तेथे तेराव्या-चौदाव्या शतकांत अष्टकोनी पीलपाया घरोघरचा झाला. कारण उघड आहे. चौकोनी दगडाचे चार कोपरे उडविले की अष्टकोन तयार होतो. गावच्या पाथरवटालाही तो साधतो, आणि दिसतोही नेटका.

पीलपाये चुकले तेव्हा

येथवरचे विवेचन ऐकून कोणी म्हणेल, हा सारा आवडीनिवडीचा प्रश्न झाला. तसे नाही. पीलपायाची परीक्षा चौकात होते, कारण मनोऱ्याचा भार तेथे येतो, आणि तेथे चूक झाली तर ती क्षमा केली जात नाही.

विंचेस्टरचा मनोरा ११०७ साली कोसळला. त्याखाली ११०० साली मेलेल्या दुसऱ्या विल्यम राजाला पुरले होते. राजा लोकांना अप्रिय होता, म्हणून त्याच्या पापाने मनोरा पडला अशी बोलवा उठली. गवंड्यांनी मात्र पापाचा विचार न करता नवे पीलपाये अवाढव्य जाड बांधले. ईलीचा मनोरा १३२२ च्या फेब्रुवारीत पडला. तेथे चार पीलपाये पुन्हा त्याच जागी उभारण्याऐवजी अष्टकोन करून भार आठ ठिकाणी वाटला आणि सुमारे सत्तर फुटांचा तो मोकळा चौक लाकडी दीपगृहासारख्या रचनेने झाकला. वेल्स येथे १३१३ नंतर मनोरा उंच केल्यावर पीलपाये खचू लागले. तेव्हा १३३८ ते १३४८ या काळात चौकाच्या तीन बाजूंना कमानीवर उलटी कमान बसवून कात्रीसारखा टेकू दिला. तो टेकू आज त्या चर्चचे भूषण मानला जातो.

सॉल्झबरीत चौदाव्या शतकात मनोरा व त्यावर निमुळता कळस चढविला. जमिनीपासून उंची ४०४ फूट. मूळ पीलपाये एवढ्या भारासाठी बांधलेलेच नव्हते. सहा हजार टनांहून अधिक ओझे त्यांच्यावर आले आणि चौकातील सडपातळ पर्बेक पीलपाये वाकले. ते वाकलेपण आजही नुसत्या डोळ्यांना दिसते. पुढे त्यांच्यामध्ये आडव्या टेकूच्या कमानी घालाव्या लागल्या. १६६८ साली क्रिस्टोफर रेनने पाहणी केली तेव्हा कळस सुमारे अडीच फूट कललेला आढळला.

आणि डबराच्या भरावाचे जे आम्ही आरंभी सांगितले, त्याचा हिशेब चिचेस्टर येथे चुकता झाला. तेथे चौकातील दगडी आडभिंत काढल्यावर पीलपायांच्या भेगा उघड्या पडल्या. टेकू लावण्याची धडपड चालू असतानाच २१ फेब्रुवारी १८६१ रोजी मनोरा व कळस आपल्याच जागी खाली बसले. आतला भराव शतकानुशतकांच्या भाराने निकामी झाला होता. बाहेरची साल तेवढी सुंदर राहिली होती.

चिचेस्टरचा मनोरा पुन्हा उभारण्याचे काम जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराकडे आले. सॉल्झबरीच्या मनोऱ्यास लोखंडी बांध घालण्याचे कामही त्यानेच केले. हे नाव मुंबईकरांना अपरिचित असू नये. मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह आणि राजाबाई मनोरा हे त्याच स्कॉटचे आराखडे. तो मुंबईस कधीही आला नाही. आराखडे टपालाने आले आणि येथील दगडात येथील पाथरवटांनी ते उतरविले. मध्ययुगात साचा व कारागीर बरोबरच प्रवास करीत. एकोणिसाव्या शतकात कागद एकटाच निघाला. मुंबईच्या त्या सभागृहासमोरून जाताना हा फरक ध्यानात आणावा.

सारांश असा की, पीलपाया जाडाकडून बारीकाकडे सरळ चढत गेला, अशी जी समजूत पसरली आहे ती टिकणारी नाही. डरहॅमचा स्थूल पीलपाया मागासलेला नव्हता आणि सॉल्झबरीचा सडपातळ पीलपाया पुढारलेला नव्हता. प्रत्येक प्रांताने आपल्या खाणीतला दगड, आपली वाहतुकीची सोय, आपल्या कारागिरांची सवय आणि आपल्या उपासनेची रुची यांतून आपले उत्तर काढले. ज्यांनी भाराचा हिशेब ठेवून उत्तर काढले त्यांचे पीलपाये उभे राहिले. ज्यांनी नंतर वर ओझे चढविले त्यांना टेकू शोधावे लागले. तेव्हा कोणत्याही मोठ्या वास्तूत पाऊल टाकल्यावर, वर पाहण्यापूर्वी क्षणभर खाली पाहावे, आणि हा आधार कोणाचे ओझे वाहतो, असा प्रश्न स्वतःस विचारावा. वास्तुकलेची गोडी लागण्यास याहून सोपी वाट आम्हांस ठाऊक नाही.